फिरावयास चला

मूल वर्षाचे होण्याच्या सुमारास भिंतीचा आधार सोडून पहिले पाऊल टाकते, तेव्हा घरात केवढा आनंद होतो! आजोबा हातातील वर्तमानपत्र बाजूस ठेवतात, आई हातचे काम टाकून धावत येते आणि वडील चार पावलांवर दोन्ही हात पसरून बसतात. मूल पडते, रडते, पुन्हा उठते. कोणी त्याच्या हाती पांगुळगाडा देतो, कोणी बोट देतो. महिना दोन महिने हा उद्योग चालतो आणि मग ते मूल असे धावू लागते की, त्याला आवरता आवरता घरातील मंडळींची तारांबळ उडते.

आश्चर्य असे की, आपणांस चालावयास शिकविणारी ही मंडळी पुढे स्वतः मात्र चालेनाशी होतात. वडील सकाळी दाराशी वाहनावर बसतात आणि कचेरीच्या दाराशी उतरतात. तेथे दिवसभर खुर्ची, आणि घरी आल्यावर पुन्हा आरामखुर्ची. आजोबांचे पाय थोडे दुखू लागले म्हणून त्यांनी देवळात जाणे सोडलेले असते. आणि जाणे सोडल्यामुळे पाय अधिकच दुखू लागलेले असतात. आई दिवसभर उभी असते, पण ती स्वयंपाकघराच्या चार भिंतींत. अंगणापलीकडचे आकाश तिच्या दृष्टीस क्वचितच पडते.

या मंडळींस आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. बदल झाला आहे तो त्यांच्या स्वभावात नव्हे, तर आपल्या राहणीत. दोन पिढ्यांपूर्वी पाणी आणावयास नदीवर किंवा विहिरीवर जावे लागे, दळण घेऊन गिरणी गाठावी लागे, बाजार, शाळा, शेत, सारे पायीच करावे लागे. कोणीही व्यायाम म्हणून चालत नसे. चालण्यावाचून दिवसच जात नसे. पुढे घरात नळ आला, दारात दुचाकी आली, इमारतीत लिफ्ट आली आणि हातात फोन आला. यांतील प्रत्येक सोय चांगली आहे. कोणाही आईने पुन्हा डोक्यावर हंडे वाहावेत असे आपण म्हणणार नाही. परंतु या सर्व सोयींनी मिळून माणसाचे चालणे हळूहळू, कोणाच्या ध्यानीही न येता, काढून घेतले. राहणी बदलली, शरीर मात्र पूर्वीचेच राहिले. त्याला अद्यापि चालण्याचीच अपेक्षा आहे.

हा बदल किती मोठा आहे, याचा अंदाज आकड्यांवरून येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी निरनिराळ्या देशांतील माहिती एकत्र करून २०२४ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २००० साली भारतातील प्रौढांपैकी सुमारे २२ टक्के लोक शरीरास आवश्यक तेवढी हालचाल करीत नव्हते. २०२२ साली हेच प्रमाण सुमारे ४९ टक्क्यांवर गेले. म्हणजे दर दोन प्रौढांमागे जवळजवळ एक! त्यातही पुरुषांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांचे सुमारे ५७ टक्के होते.

बसून राहण्याने खरोखरच एवढे बिघडते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या एका शास्त्रज्ञाची हकीकत मोठी मनोरंजक आहे. त्यांचे नाव जेरी मॉरिस. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये हृदयविकाराने दगावणाऱ्यांची संख्या वाढू लागली होती. कारण कोणास नीट उमगत नव्हते. मॉरिस यांचे लक्ष लंडनच्या दुमजली बसगाड्यांकडे गेले. मुंबईतही १९३७ सालापासून अशा दुमजली बसगाड्या धावू लागल्या; त्यामुळे त्यांचे रूप आपल्या ओळखीचे आहे. अशा गाडीवर दोन माणसे काम करीत. चालक आपल्या जागेवर बसून गाडी हाकी. वाहक तिकिटे देण्यासाठी सारखा जिना चढे व उतरे. कामाच्या एका दिवसात वाहकाच्या सुमारे ५०० ते ७५० पायऱ्या होत. दोघांची वस्ती त्याच शहरात, नोकरी त्याच संस्थेत. भेद मुख्यतः एवढाच की, एक बसून असे आणि दुसरा चालता असे.

मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा हजारो कामगारांच्या आजारांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. वाहकांस हृदयविकार चालकांपेक्षा कमी प्रमाणात होत होता. झालाच तर तो उशिरा होई आणि त्यातून वाचण्याची शक्यताही अधिक असे. टपाल खात्यातही त्यांना तसेच आढळले. दारोदार पत्रे वाटणारा पोस्टमन हा मेजाशी बसणाऱ्या कारकुनापेक्षा या विकारापासून अधिक सुरक्षित होता.

येथवर आल्यावर दुसरा एखादा मनुष्य समाधान मानून थांबला असता. मॉरिस थांबले नाहीत. त्यांनी स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घेतली. कदाचित चालक हे मुळातच अधिक स्थूल असतील तर? मग त्यांनी या कामगारांना मिळणाऱ्या गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा खरोखरच मोठा निघाला, आणि तो अगदी तरुण चालकांतही मोठा होता! ही गोष्ट त्यांनी न लपविता १९५६ साली छापून टाकली. वाहकांस मिळणारा सारा लाभ जिन्याचाच होता असे नाही, हे त्यांनी मान्य केले. तथापि पुढे अनेक देशांत, अनेक प्रकारच्या लोकांवर जे अभ्यास झाले, त्यांनी मूळ गोष्ट खरी ठरविली. शरीराला हालचाल हवी. ती न मिळाल्यास हृदयावर त्याचा परिणाम होतो. मॉरिस स्वतः नियमाने व्यायाम करीत. १९१० साली जन्मलेले हे गृहस्थ २००९ साली, वयाच्या ९९व्या वर्षी वारले.

चालताना शरीरात काय घडते, तेही पाहण्यासारखे आहे. हृदय रक्त पायापर्यंत लोटते, पण ते रक्त पुन्हा वर आणावयाचे तर उलट दिशेने, चढणीवर आणावे लागते. हे काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकताना पोटरी आवळते, तिच्यातील नीला दाबल्या जातात आणि रक्त वर सरकते. नीलांमध्ये जागोजाग लहान झडपा असतात. त्यांमुळे वर गेलेले रक्त खाली येऊ शकत नाही. अशा रीतीने प्रत्येक पावलागणिक पोटरी हृदयास साहाय्य करते. मनुष्य तासन्‌तास बसून राहिला की, हा साहाय्यक स्वस्थ बसतो. म्हणून दूरच्या प्रवासानंतर पाय सुजलेले दिसतात.

दुसरी गोष्ट रक्तातील साखरेची. चालणारे स्नायू ही साखर जळणाप्रमाणे वापरतात. जेवणानंतर थोडे फिरल्यास रक्तातील साखर फार वर चढत नाही. मधुमेह असलेल्यांस डॉक्टर चालावयास सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे. तिसरी गोष्ट हाडांची. हाडांवर शरीराचा भार नियमाने पडत राहिला, तर ती बळकट राहतात. भार न पडल्यास ती ठिसूळ होऊ लागतात. शिवाय चालत्या माणसाचा तोल चांगला राहतो. म्हातारपणी पडून हाड मोडणे ही केवढी मोठी आपत्ती आहे, हे ज्या घरात ती आली असेल, त्या घरातील माणसांस विचारावे.

तर मग घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या तर चालणार नाही काय? चालेल, मुळीच न चालण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. परंतु बाहेर पडण्याचे काही लाभ घरात मिळत नाहीत. त्वचेवर ऊन पडले म्हणजे शरीर ‘ड’ जीवनसत्त्व तयार करते. सकाळच्या प्रकाशाने शरीरास दिवस सुरू झाल्याची खूण पटते आणि रात्रीची झोप वेळेवर येते. जवळचेच पाहून शिणलेल्या डोळ्यांस दूरची झाडे, डोंगर व ढग पाहून विसावा मिळतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसे भेटतात. कोपऱ्यावरचा फुलवाला, जुना शेजारी, शाळेतील सोबती यांच्याशी दोन शब्द बोलले म्हणजे मन हलके होते. एकट्या पडलेल्या वृद्ध माणसास तर या दोन शब्दांची भूक अन्नाच्या भुकेइतकीच असते.

किती चालावे, याचेही माप ठरलेले आहे. प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम वेगाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. रोजचा अर्धा तास धरला तर पाच दिवसांत १५० मिनिटे पुरी होतात. मध्यम वेग ओळखण्याची खूण सोपी आहे: चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. आपल्याकडील प्राचीन वैद्य सुश्रुत यांनीही व्यायाम आपल्या अर्ध्या शक्तीएवढाच करावा असे सांगून ठेवले आहे. दम कोंडेपर्यंत चालणे हा चालण्याचा हेतू नव्हे.

‘दिवसाला दहा हजार पावले’ हे शब्द तुमच्या कानांवर आलेच असतील. या आकड्याचा जन्म प्रयोगशाळेत झालेला नाही. १९६४ साली टोकियो येथे ऑलिंपिक सामने झाले. त्यानंतर १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले. त्याचे नाव ‘मान्पोकेई’, म्हणजे दहा हजार पावले मोजणारे. आकडा पूर्ण होता, लक्षात राहण्याजोगा होता. म्हणून तो जगभर पसरला. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांच्या चालण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांत त्या काळात मृत्यूचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले. आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर हा लाभ फारसा वाढला नाही. ज्या आजीबाई ‘मला कुठले दहा हजार झेपायला!’ म्हणून बसून राहतात, त्यांना ही गोष्ट अवश्य सांगावी. जो मुळीच चालत नाही, त्याला पहिल्या थोड्या पावलांचाच लाभ मोठा असतो.

आता खरा प्रश्न येतो. हे सारे ठाऊक असूनही मोठी माणसे बाहेर का पडत नाहीत? कारणे नेहमीची आहेत. ‘वेळ नाही’, ‘गुडघे दुखतात’, ‘उद्यापासून बघू’, ‘एकट्याने कुठे जायचे?’ आणि मनातल्या मनात, ‘लोक काय म्हणतील?’ अशा वेळी त्यांस उपदेश केला तर काय होईल? तुम्हांसच कोणी दिवसातून चार वेळा ‘अभ्यासाला बस’ म्हटले म्हणजे तुमचे मन कसे होते, ते आठवा. मोठ्यांचेही तसेच होते. शिवाय धाकट्याने थोरांस शिकविणे हे आपल्या घरांत शोभतही नाही. म्हणून उपदेशाचा मार्ग सोडून द्यावा. त्याहून चांगले मार्ग आहेत.

पहिला मार्ग सोबतीचा. महाराष्ट्रास याचे उदाहरण बाहेरून आणावयास नको. दर वर्षी ज्येष्ठ महिन्यात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून आणि तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपूरला निघते. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर. या वाटेने साठी-सत्तरी उलटलेले स्त्री-पुरुष ऊन-पावसाची पर्वा न करता पायी जातात. त्यांना कोणी आरोग्याचे फायदे सांगितलेले नसतात. मनात विठ्ठल, मुखात अभंग, आणि मागे-पुढे आपल्या दिंडीतील माणसे. एवढ्या बळावर ते चालतात. एकट्याला जे अंतर डोंगराएवढे वाटते, ते दहा जणांत वाटून घेतले की हलके होते. शास्त्रज्ञांनाही हेच आढळले. १४ देशांतील १,८४३ माणसांवर झालेल्या ४२ अभ्यासांचा एकत्र विचार २०१५ साली करण्यात आला. गटाने नियमित चालणाऱ्यांचा रक्तदाब उतरला आणि मनाची उदासीनताही कमी झाली, असे दिसून आले.

दुसरा मार्ग मोजणीचा. पावले मोजण्याचे यंत्र जवळ बाळगणाऱ्या लोकांवर झालेल्या २६ अभ्यासांचा आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला. असे लोक पूर्वीपेक्षा दिवसाला सरासरी दोन हजारांहून अधिक पावले जास्त चालू लागले; आणि ज्यांनी आपल्यापुढे काही एक उद्दिष्ट ठेवले होते, त्यांची प्रगती विशेष दिसली. यंत्र विकत आणण्याची मात्र गरज नाही. एक वही करा. तीत आजोबांचे नाव लिहा आणि ‘आज कोपऱ्यापर्यंत’, ‘आज मारुतीच्या देवळापर्यंत’ अशी रोज नोंद करा. महिन्याने ती वही त्यांच्या हाती द्या. स्वतःची वाढती वाट कागदावर पाहून माणसास जो हुरूप येतो, तो कोणाच्याही उपदेशाने येत नाही.

तिसरा मार्ग कामाचा. ‘फिरावयास जा’ म्हटले तर वडील जाणार नाहीत. पण ‘मला वही आणावयाची आहे, येता का?’ असे विचारले तर कदाचित उठतील. भाजी, टपाल, वाचनालय, ओळखीच्या घरी निरोप, अशी जवळपासची कामे पायीच करण्याचा परिपाठ ठेवावा. ठरलेले काम आणि ठरलेली वेळ असली म्हणजे चालणे अंगवळणी पडते.

चौथा मार्ग सर्वांत अवघड आहे, आणि तो केवळ तुमच्याच हाती आहे. आईस फिरावयास जाण्याची इच्छा नसते असे नाही. तिला सवड नसते. स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक का, याचे एक मोठे कारण या सवडीतच आहे. तिला ‘थोडे बाहेर जात जा’ असे म्हणणे सोपे आहे. परंतु तेवढ्याने तिच्यापुढचे भांड्यांचे घमेले रिकामे होत नाही. तुम्ही संध्याकाळी भांडी घासली, भाजी निवडली, धाकट्या भावंडाचा अभ्यास घेतला, तर आईचा अर्धा तास मोकळा होईल. तो अर्धा तास तुम्ही तिला दिलेला असेल. मुलगा असो वा मुलगी, हे काम दोघांचेही आहे.

काही गोष्टींची काळजी मात्र घेतली पाहिजे. बरेच दिवस न चाललेल्या माणसाने प्रारंभ दहा मिनिटांनी करावा आणि मग थोडे थोडे वाढवावे. हृदयविकार किंवा दुसरे मोठे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चालताना छातीत दुखले, घेरी आली किंवा श्वास फार लागला, तर तेथेच थांबावे व मदत मागावी. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर निघावे. पदपथ असेल तेथे पदपथावरूनच चालावे. नसेल तेथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने उजव्या कडेने चालावे. पायांत नीट बसणारी पादत्राणे असावीत. वृद्धांच्या वेगाने आपण चालावे; त्यांस आपल्या वेगाने चालावयास लावू नये.

मुलांनो, कधीकाळी तुम्ही धडपडत चालत होता, तेव्हा या मंडळींनी तुमच्यासाठी आपला वेग कमी केला होता. एका कोपऱ्यापर्यंत जावयास अर्धा तास लागला, तरी ती कंटाळली नाहीत. आज तुमचे पाय बळकट आहेत आणि त्यांचे थकत चालले आहेत. त्यांना उपदेशाची गरज नाही. हाताला धरणाऱ्या सोबत्याची आहे. आज संध्याकाळी शाळेतून घरी गेल्यावर दप्तर ठेवा, हातपाय धुवा आणि त्यांच्यापाशी जाऊन एवढेच म्हणा, “मी जरा फिरून येतो. तुम्ही येता का माझ्याबरोबर?”

स्वाध्याय

१. चालावयास शिकविणारी मंडळीच पुढे चालेनाशी होतात, याची लेखकाने कोणती कारणे दिली आहेत?
२. बसगाडीचा चालक व वाहक यांच्या कामात कोणता भेद होता? त्यावरून मॉरिस यांनी कोणता निष्कर्ष काढला?
३. मॉरिस यांनी गणवेशांची मापे का तपासली? त्यावरून त्यांच्या स्वभावाचा कोणता गुण दिसतो?
४. ‘पोटरी हृदयास साहाय्य करते’ हे विधान स्पष्ट करा.
५. आईस सवड मिळावी म्हणून तुम्हांस घरात कोणती कामे करता येतील, ते आठ-दहा ओळींत लिहा.
६. पुढील शब्दप्रयोगांचा अर्थ सांगून त्यांचा वाक्यांत उपयोग करा: तारांबळ उडणे, अंगवळणी पडणे, हुरूप येणे, शंका घेणे.
७. उपक्रम: घरातील किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीबरोबर एक महिना फिरावयास जा. रोजची नोंद वहीत ठेवा आणि ती वर्गात वाचून दाखवा.